वन्संचं पिवळं कार्ड

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या युनिटचे माजी प्रमुख आणि आम्हा जुन्या लोकांचे मोठे साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेल्या विद्यमान डॉक्टरबाई. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे आदरानं सिस्टर म्हणता आणि मी वन्सं म्हणते. आणि समोर जमलेल्या माझ्या आजी-माजी सहकाऱ्यांनो, भगिनींनो आणि मागच्या दाराशी चहाची वाट बघत उभ्या असलेल्या बंधूंनो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळ माझ्यासमोर आणून ठेवलंय, ते मी आधी पालथं करते. चौतीस वर्षांची नोकरी पाच मिनिटांत कशी मावायची? आणि इथे तर नोकरीबरोबर नातंही आहे. सत्कारमूर्ती माझ्या सख्ख्या नणंद. नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्यात विळा कोण आणि भोपळा कोण, हे माझ्याकडे बघून तुम्हीच ठरवा.

वन्सं माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांना या नोकरीत मी आणलं, अर्जसुद्धा मीच भरून दिला. लग्न करायचं नाही म्हणाल्या, म्हणून राहायलाही आमच्याच घरी आल्या. ड्यूटीवर त्या मला सिस्टर म्हणायच्या, घरी वहिनी म्हणायच्या आणि राग आला की काहीच म्हणायच्या नाहीत. माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी त्यांचा शांत स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांचा निगर्वीपणा यांचं भरभरून कौतुक केलं. मी टाळ्याही वाजवल्या. पण खरं सांगू? प्रत्येक टाळीला माझ्या पोटात दुखत होतं. आज नाही, गेली तीस वर्षं दुखतंय. औषधं वाटण्यात जन्म गेला माझा, पण या दुखण्यावर गोळी सापडली नाही.

हसा, हसा. मलाही आधी हसूच यायचं.

आता मुद्द्यावर येते. बावीस वर्षांपूर्वी आपलं युनिट वाळवंटातल्या युद्धावर गेलं, हे इथल्या नव्या मंडळींनी बाहेरच्या फलकावर वाचलं असेल. जाण्याआधी सहा आठवड्यांची वैद्यकीय तयारी होती. सहाशे माणसं, आणि ती सगळी थंड, ओल्या हवेत वाढलेली. युद्धावर जाणं म्हणजे बंदुका पुसणं, असं तुम्हाला वाटत असेल. आम्हाला विचारा! बंदुकीआधी दात तपासावे लागतात. तिकडे वाळूत दाढ दुखायला लागली की सहा फुटी जवान आईच्या नावानं रडतो. मग लसी. दंडावर एक सुई टोचली तर आमचे स्वयंपाकघरातले आडदांड मुकादम, ज्यांच्या आवाजानं पातेली हलायची, ते बाकावरून जे घसरले ते मोठ्या साहेबांच्या बुटांवर. साहेब, आठवतंय ना? मग चष्म्याच्या दोन-दोन जोड्या. बूट अर्ध्या नंबरानं मोठे, कारण उन्हात पाय सुजतो. बुटाच्या जिभेवर रक्तगट लिहायचा. ही सगळी कामं माझ्याकडे होती. सहाशे जणांचे दात, दंड आणि तळवे. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

आणि वन्संकडे काय होतं? ऊन!

ऊन आपल्याकडे नव्हतंच, म्हणून ते तयार करायचं होतं. जुन्या गॅरेजच्या शेडची दारं-खिडक्या बंद करून आत मोठमोठे हीटर लावले आणि तिला नाव पडलं तापखोली. रोज पहाटेपासून पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या पाठीवर वजन घेऊन आत तासभर चालायच्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला दोन आठवडे लागतात, ते त्या शेडमध्ये भरून काढायचे. आत जाताना वजन करायचं, बाहेर येताना पुन्हा वजन. आणि वन्संनी एक कार्ड काढलं. तळहाताएवढं, वर पाणी मारलं तरी चालेल असं, आणि त्यावर फिक्या पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत पाच पट्ट्या. प्रत्येक संडासाच्या दारावर चिकटवलं. आपल्या लघवीचा रंग बघायचा आणि पट्टीशी लावायचा. वरच्या दोन पट्ट्यांत असाल तर ठीक, खालच्या तीनमध्ये असाल तर पाणी कमी पडतंय, ताबडतोब एक बाटली प्या. इतकं सोपं! अक्षरसुद्धा वाचायला नको.

आठ दिवसांत सगळं युनिट कार्डमय झालं. जवान एकमेकांना रामराम करायच्या ऐवजी "किती नंबर?" विचारायचे. वन्संना नाव पडलं पाणीवाली ताई. वरून पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्यांनी कार्ड हातात घेऊन फोटो काढला. माझ्या खोलीशेजारच्या संडासात उभं राहून, बरं का! दंत तपासणीच्या खोलीत त्यांनी डोकावूनही बघितलं नाही. आणि घरी? आमच्या घरच्या संडासाच्या दारावरही कार्ड. आमचे हे, म्हणजे वन्संचे सख्खे दादा, शाळेत शिकवायचे. ते रोज सकाळी बाहेर येऊन बहिणीला म्हणायचे, "पहिला नंबर!" लग्नाला चौदा वर्षं झाली होती, माझ्या कुठल्याही कामावर त्यांनी एवढ्या उत्साहानं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्यातच कळलं की युनिटबरोबर एकच वरिष्ठ सिस्टर जाणार. एक जाणार आणि एक इथे राहून मागची व्यवस्था बघणार. नियमानं मी ज्येष्ठ. पण जो तो म्हणायला लागला की पाणीवाली ताईच जाणार, दुसरं कोण? मला वाईट वाटलं, असं मी बाहेर सांगायची. वाईट नव्हतं वाटलं मंडळी. मी जळत होते. तापखोली गॅरेजमध्ये होती, पण धग माझ्या अंगात होती.

तिसऱ्या आठवड्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्या. तिकडे ताजं खायला मिळणार नाही, म्हणून आधीपासून रोज एक गोळी. वाटप माझ्याकडे. सोमवारपासून मी नाश्त्याच्या खिडकीशी उभी राहून प्रत्येकाच्या हातावर गोळी ठेवायची, आणि जवान गोळ्या खिशात टाकतात हे माहीत असल्यामुळे सर्वांदेखत पहिली गोळी स्वतः गिळून दाखवायची.

आता तुमच्यातल्या औषधवाल्या मंडळींच्या चेहऱ्यावर मला दिसतंय, त्यांना कळलं.

मंगळवारी सकाळी मी घरच्या कार्डाशी उभी राहिले आणि माझा नंबर पाचवा आला. गर्द पिवळा. मी तर भरपूर पाणी प्यायले होते! ड्यूटीवर जाऊन गोळ्यांच्या डब्यातला कागद काढला. बारीक अक्षरांत अगदी शेवटी लिहिलं होतं की या गोळीनं लघवी पिवळी होते, घाबरू नये. एवढंच. म्हणजे माझी गोळी आणि वन्संचं कार्ड यांचं एकमेकांशी जमणारच नव्हतं. सहाशे माणसं माझ्या हातून गोळी घेणार, मग संडासात जाऊन वन्संचं कार्ड बघणार, पिवळं दिसलं की पाणी पिणार, परत पिवळं, परत पाणी.

वन्संना हे कळायला मार्ग नव्हता. त्या पहाटेच तापखोलीत जायच्या, नाश्त्याच्या खिडकीशी कधी आल्याच नाहीत, गोळी घेतलीच नाही. डॉक्टरसाहेब लसींचा पुढचा साठा आणायला मुख्यालयात गेले होते, ते शनिवारी येणार होते. म्हणजे हे ओळखणारी अख्ख्या युनिटमध्ये मी एकटी. तापखोली माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर. जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, "वन्सं, रंगावर जाऊ नका, गोळीमुळे आहे."

तुम्ही सगळे इतकी वर्षं काय ऐकत आलात? की शुक्रवारी दुपारी एक ड्रायव्हर तापखोलीबाहेर कोसळला, सगळे त्याला उन्हाचा फटका बसला समजत होते, आणि थोरल्या सिस्टरनं, म्हणजे मी, एका नजरेत ओळखलं की याला पाणी जास्त झालंय. अगदी ऐनवेळी ओळखलं, म्हणून माणूस वाचला. फलकावर तसंच लिहिलंय. मोठ्या साहेबांनी मघाशी भाषणात तेच सांगितलं. ते ड्रायव्हरदादा आज तिसऱ्या रांगेत बसलेत. दरवर्षी त्या तारखेला त्यांचा मला फोन येतो, "सिस्टर, तुमच्यामुळे श्वास चाललाय." बावीस फोन झाले. प्रत्येक वेळी मी म्हटलं, "अहो, माझं कर्तव्यच होतं."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी ऐनवेळी ओळखलं नव्हतं. मला मंगळवारपासून माहीत होतं.

जरा शांत राहाल का? मला सलग बोलू द्या, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही.

बुधवारी मी गप्प बसले. का? कुणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, एवढी मी काळ्या मनाची नाही. मला फक्त ते कार्ड उतरलेलं बघायचं होतं. जवान वन्संकडे तक्रार घेऊन जाताहेत, "ताई, कितीही प्यायलो तरी पाचवाच नंबर!" आणि वन्सं गोंधळून पुन्हा कार्डच बघताहेत, हे मी माझ्या खिडकीतून बघत होते आणि मला, कसं सांगू, गार वाटत होतं. म्हटलं, शनिवारी डॉक्टर येतील, त्यांच्यासमोर मी अलगद कागद काढून दाखवीन. सगळ्यांना कळेल की खरी जाणती कोण. तीन दिवसांचा तर प्रश्न. जास्त पाणी पिऊन कुणी मरतं का? मरतं, हे मला परिचर्येच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण हेव्याला विद्या आठवत नाही.

माझी गोळी मी थांबवली होती, पण रांगेसमोर गिळून दाखवणं तर भाग होतं. म्हणून बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तोंडाशी नेली आणि हात खाली आणून ॲप्रनच्या खिशात सोडली.

शुक्रवारी दुपारी आरडाओरडा ऐकून मी धावले. ड्रायव्हरदादा शेडबाहेर बाकावर आडवे होते. ओकत होते, डोकं धरलं होतं, आणि "गाडीची किल्ली कुठाय, किल्ली कुठाय" असं बरळत होते. किल्ली त्यांच्याच मुठीत होती. वन्सं गुडघ्यावर बसून त्यांना पाणी पाजत होत्या. रंग पाचवा, माणूस बरळतोय, शेडमधून नुकताच बाहेर आलाय. कुणालाही उन्हाचा फटकाच वाटला असता. मी जवळ गेले. अंग फारसं तापलेलं नव्हतं. बोटं सुजली होती, अंगठी मांसात रुतली होती. आणि वजनाच्या तक्त्यावर, आत जातानापेक्षा बाहेर येताना पावणेतीन किलो जास्त! घाम गाळून माणूस हलका होतो, हा जड झाला होता.

आणि तरीही मी उभी राहिले. फार नाही. सात-आठ श्वास. त्या वेळात मला ड्रायव्हरदादा दिसत नव्हते, मला हे दिसत होतं की आता बोलले तर सगळे विचारतील, तुला कसं कळलं आणि कधी कळलं? वन्संनी बाटली पुन्हा त्यांच्या ओठांना लावली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पाणी थांबवा! त्याला पाण्यानंच झालंय."

वन्संनी एका क्षणात बाटली बाजूला केली. का, कशावरून, काही विचारलं नाही. मी असते तर वाद घातला असता. मग रुग्णवाहिका, मोठं रुग्णालय, दाट मिठाची सलाईन, अंगठी कापून काढली, दोन दिवसांनी दादांनी डोळे उघडून बायकोचं नाव बरोबर सांगितलं. युद्धावर मात्र त्यांना जाता आलं नाही.

सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. मी रविवारभर उत्तरं पाठ केली होती. कुणी मला विचारलंच नाही. वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. गोळ्या सुरू झाल्यावर कार्ड उतरवायला हवं होतं, मी चौकशी केली नाही. वहिनींनी वेळेवर ओळखलं. युनिटबरोबर त्यांनाच पाठवा." साहेब, मी खोटं सांगत असेन तर आत्ता थांबवा.

मी गेले. त्यांची जागा घेऊन मी वाळवंटात गेले, पाच महिने राहिले, परत आल्यावर छातीवर बिल्ला लागला. वन्संच्या नावापुढे मात्र शेरा लागला आणि त्यांची बढती सहा वर्षं मागे पडली. तो शेरा माझा होता. घरात मला रोज वाटायचं, आज सांगावं. मग त्या काहीतरी चांगलं करायच्या, माझ्या आजारपणात उशाशी बसायच्या, माझ्या मुलांचे अभ्यास घ्यायच्या, आणि मला वाटायचं, हिला आणखी मोठं कशाला करू? बघा हेवा किती चिवट असतो. अपराध माझा, आणि जळत होते त्यांच्यावर!

वन्सं, आज तुमच्या निरोपाला तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगितलंय. माझ्याकडे चांगले शब्द एवढेच आहेत. तुमची चूक नव्हती. मला ठाऊक होतं. तीन दिवस ठाऊक होतं.

तुम्ही हसताय काय? मी इथे घाम फुटेपर्यंत... काय म्हणालात? जरा मोठ्यानं. नाही, माइक नको म्हणताहेत. थांबा मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल.

त्या म्हणताहेत, "वहिनी, रविवारची धुण्याची पाळी माझी होती."

ॲप्रन.

त्या म्हणताहेत, खिशात तीन गोळ्या होत्या, तीन दिवसांच्या. ओल्या होऊन खिसा पिवळा झाला होता. डाग गेला नाही, म्हणून त्यांनी खिसा बदलून शिवला. आणि मी बावीस वर्षं समजत होते की नणंदबाईंनी मायेनं माझा फाटका खिसा शिवला!

म्हणजे रविवारीच तुम्हाला कळलं होतं. आणि सोमवारी तुम्ही साहेबांपुढे उभ्या राहिलात? मग का? का पाठवलंत मला?

हो, हो. सांगते त्यांना. मला जरा पाणी द्या कुणीतरी. थोडंच द्या.

त्या म्हणताहेत, "जी एकदा तीन दिवस गप्प बसून माणूस मरताना बघते, ती पुन्हा जन्मात गप्प बसणार नाही. वाळवंटात सहाशे माणसांबरोबर मला तशीच बाई हवी होती."

मंडळी, माझ्याबरोबर तिकडे गेलेले इथे बरेच आहेत. त्यांना विचारा तिथे माझं नाव काय होतं. कटकट सिस्टर! ज्याची बाटली भरलेली दिसली त्याला मी हटकलं, ज्याची रिकामी दिसली त्यालाही हटकलं. बूट काढायला लावून रोज तळवे बघितले. सेनापतीच्या गाडीलाही थांबवून विचारलं, आज मीठ घेतलंत का? एकही शंका मी रात्रभर पोटात ठेवली नाही, समोरचा कितीही मोठा असो. पाच महिन्यांत उन्हानं आपला एकही माणूस गेला नाही. मला वाटायचं, हे माझं कर्तृत्व. तेही या बाईनं धुण्याच्या बादलीशी बसून आधीच ठरवलं होतं! आता सांगा, अशा नणंदेचा हेवा करायचा नाही तर काय करायचं? वन्सं, मला अजूनही तुमचा हेवा वाटतो. आत्ता, या क्षणी तर सगळ्यात जास्त वाटतोय.

ड्रायव्हरदादा, तुम्ही मान खाली घातली आहे. मी उत्तर मागत नाही. पुढच्या महिन्यात त्या तारखेला फोन वाजला नाही, तर मी समजून घेईन. फोन करावासा वाटलाच, तर घरात दोघी असतो, आधी वन्संना द्या म्हणा.

मोठे साहेब, तो बाहेरचा फलक उतरवायला सांगा. त्यावर नवं काय लिहायचं ते डॉक्टरबाईंनी ठरवावं. मी मात्र दातांचाही उल्लेख करा असं सुचवीन.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, घड्याळानं पालथं पडून साथ दिली, सगळ्यांचे आभार मानते. भाषणाच्या शेवटी काही कमी-जास्त बोललं गेलं असल्यास क्षमा मागायची पद्धत आहे. आज मी जास्त बोलले, त्याची क्षमा मागत नाही. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी कमी बोलले होते. त्याची मागते.